धुमेचा डबा

आमच्या भागात मोठ्या आवाजाच्या कुठल्याही डब्याला डॉल्बी म्हणतात. सुपारी द्यायला आलेला माणूस आधी विचारतो, "डॉल्बी केवढ्याची?" तिथी आणि गाव मागाहून. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन इंजिनियरनं १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, ती टेपमधली खरखर कमी करायला, हे मला फार उशिरा समजलं. नको तो आवाज घालवण्यासाठी ज्यानं डोकं झिजवलं, त्याचंच नाव आम्ही भिंती हादरवणाऱ्या डब्यांना देऊन टाकलं होतं.

आमचं गाव शिरूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, भीमेच्या काठी. सातबारा, तहसील, कोर्ट यासाठी घोडनदीला जायचं, म्हणजे शिरूरला. पण रेल्वे धरायची, काही जिन्नस दुरुस्त करायचा, तर पाय आपोआप नदीच्या पलीकडं वळायचे. न्हावऱ्याकडून आलेला रस्ता पारगावच्या पुलावरून उतरला की दौंड तालुका लागतो. पुढं केडगाव, चौफुला आणि मग सोलापूर रोडनं दौंड. माझं आजोळ दौंडचं. त्यामुळं आम्ही अर्धे शिरूरकर, अर्धे दौंडकर. सोयरिकी दोन्ही काठांवर, आणि लग्नंही दोन्ही काठांवर. धंद्याला हे बरं होतं.

धंदा म्हणजे मी आणि माझा मामेभाऊ. दाजींचा छोटा हाथी भाड्यानं मिळायचा. त्यात पंधरा इंची दोन टॉप, एक दोन चॅनेलचं मशीन, छोटा मिक्सर, जुना लॅपटॉप आणि दोन रंगीत लायटी. वाढदिवस, हळद, मारुतीला जाणारा परण्या, जागरण-गोंधळ, एवढ्या कामाला हे पुरायचं. गाणं स्वच्छ लागायचं, निवेदन नीट ऐकू यायचं. पण २०१२-१३ च्या लग्नसराईत हवा बदलली. पोरं मशीनकडं बघायचीच नाहीत. थेट विचारायची, "बेस हाय का?" नाही म्हटलं की, "मग परण्यापुरतं तुमचं सांगू, वरातीला दुसरं बघतो." वरातीतच चार पैसे सुटायचे. तीच हातची जायला लागली.

दौंडला एकानं धंदा बंद करून सामान काढलं होतं. त्यात अठरा इंची स्पीकरचा एक बेसचा डबा होता. काळा रंग उडालेला, कोपऱ्याला पत्रा ठोकलेला. उचलायला तिघं लागायचे. एकवीस हजार सांगितले, अठराला तुटला. माझ्याकडं सहा होते.

घरी विषय काढायचा म्हणजे नानांच्या कानाशी जाऊन ओरडायचं. नानांनी उभी हयात साखर कारखान्यात काढली, मिल हाऊसला. गव्हाणीतून आलेला ऊस तिथं चरकांत पिळतात. हंगामाचे पाच-सहा महिने, आठ तासांची पाळी आणि कानाला फडकं. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर हातवारे. पन्नाशी ओलांडायच्या आतच त्यांना कमी ऐकू यायला लागलं. गंमत अशी की सगळंच कमी नाही. गोठ्यात म्हशीनं दावं ओढलं तर झोपेतून उठायचे, पण आईनं "चहा" म्हटलं तर त्यांना नुसतं "हा" ऐकू यायचं. आई चिडायची. तिला वाटायचं, माणूस मुद्दाम करतोय.

त्याआधी नाना गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यात यवतला आणि वरवंडला मुक्कामाला असते. तिथं जाऊन दिंडीत मिळायचे, गळ्यात पखवाज अडकवून. पण पुढं पुढं टाळ ऐकू येईना, गाणाऱ्यानं चाल कुठं बदलली कळेना. एका एकादशीला सम चुकली. मंडळीतलं कुणी काही बोललं नाही. नानांनी मात्र घरी येऊन पखवाजाला खोळ घातली आणि खुंटीला अडकवला. तो पुन्हा उतरला नाही.

मी कानाशी जाऊन डब्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यातनं काय येतं?"

"बेस, नाना. खालचा आवाज. धपधप."

दुसऱ्या आठवड्यात दोनातली एक म्हैस गेली. आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

डबा घरी आला त्याच आठवड्यात पलीकडच्या काठाला हळदीची ऑर्डर होती. जोडायचा कसा हे कुणाला विचारायची लाज वाटली. टॉपच्या मागं एक जास्तीचं सॉकेट असतं. त्यातून वायर काढली आणि डब्याला खुपसली. दिवा लागला, आवाज आला, आम्ही खूश. पण डब्यातून नुसता बेस येईना, सगळं गाणंच यायला लागलं. बाई गात होती, पण विहिरीत उतरून गावं तशी. पोरं म्हणाली, "बेस वाढव." मी मिक्सरवरचं लो चं बटण उजवीकडं फिरवत शेवटपर्यंत नेलं. मशीनवरची लाल लाइट आधी मिचकत होती, मग पेटूनच राहिली. मामेभाऊ म्हणाला, "आता कसं तापलं." आम्हाला लाल लाइट म्हणजे जोर वाटायचा.

साडेनऊच्या सुमाराला एका टॉपचा हॉर्न गेला. वासही आला, गरम वार्निशचा. दुसरा फाटक्या कागदासारखा वाजायला लागला. शब्द गेले, टाळ्या गेल्या, उरली ती भसाड धपधप. नवरदेवाच्या चुलत्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "हे काय आणलंय?" शेवटी गावातल्या पोरांनी हलगी आणली, जाळावर शेकली आणि हळद पार पाडली. लोक आमच्या लायटीच्या उजेडात हलगीवर नाचले. ठरल्यापैकी निम्मे पैसे मिळाले. तेही मागताना मान वर झाली नाही.

दौंडला मामांच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक सिग्नलवाले राहायचे. सगळे त्यांना काका म्हणत. रेडिओ, टेप, शाळेचा कर्णा, काहीही दुरुस्त करून द्यायचे. जळलेला हॉर्न घेऊन मी त्यांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी तो उघडला, आतला पातळ पापुद्रा आणि काळी पडलेली कॉइल दाखवली आणि म्हणाले, "लाल लाइट किती वेळ होती?"

मी खरं सांगितलं.

"मशीनच्या अंगात असंल तेवढंच ते देणार. त्याच्या वर मागितलं की ते लाटेचं डोकं कापून देतं. कापलेल्या लाटेत वरचे चिरके आवाज जास्तीचे तयार होतात, ते सगळे ह्या नाजूक पापुद्र्यावर जातात. बेस मागितलास, हॉर्न जाळलास."

मग त्यांनी विचारलं, "दौंडला पुण्याकडनं सोलापूरची गाडी येते अन् मनमाडची बी येते. दोन्ही एकाच रुळावरनं येतात ना? मग आपापल्या वाटंला कशा लागतात?"

"सांधा बदलून."

"तुझ्यात तो सांधाच नाही. दोन्ही गाड्या दोन्ही रुळांवर सोडल्यास तू. ह्या यंत्राला क्रॉसओव्हर म्हणतात. आमच्या रेल्वेत एका रुळावरनं दुसऱ्यावर जायच्या जोडालाबी क्रॉसओव्हरच म्हणतात बघ."

त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर चित्र काढून दिलं. ते पाकीट मी कितीतरी वर्षं मिक्सरच्या पेटीत ठेवलं होतं. मिक्सरमधून निघालेली वायर आधी क्रॉसओव्हरमध्ये. तिथं आवाजाचे दोन भाग होतात. सेकंदाला शंभर हेलकाव्यांच्या खालचा आवाज एका वाटेनं, वरचा दुसऱ्या वाटेनं. खालचा मशीनच्या एका चॅनेलला, तिथं फक्त डबा. वरचा दुसऱ्या चॅनेलला, तिथं दोन्ही टॉप. टॉपच्या अंगावरचं बेसचं ओझं उतरलं की तेही मोकळे गातात. दोन्ही टॉप आठ-आठ ओहमचे, समांतर जोडले की चार होतात. मशीनच्या पाठीवर किमान चार लिहिलेलं होतं, म्हणजे हद्द झाली. "ह्याच्या खाली गेलास तर आता मशीन जाळशील," काका म्हणाले.

एवढंच ज्ञान. ते मिळवायला मला एक हॉर्न, अर्धी सुपारी आणि पलीकडच्या काठावरचं नाव, एवढं घालवावं लागलं.

क्रॉसओव्हर पुण्याहून आणला. हॉर्नला नवा पापुद्रा बसवला. आमच्याच अंगणात सगळं मांडलं, पाकिटावरचं चित्र समोर ठेवून एकेक वायर लावली. गाणं लावलं. डब्याजवळ उभं राहिलं की छातीला धक्का लागायचा, पण वीस पावलं मागं तुळशीजवळ गेलं की धक्का गायब. जणू डबा बंदच आहे. आवाज वाढवला तरी तेच. मला रडू यायच्या बेताला आलं. म्हैस गेली ती गेलीच, असं वाटलं.

काकांना फोन लावला. ते म्हणाले, "बॅटरीतला सेल काढ. डब्याची वायर मशीनमधनं सोडव. सेलच्या प्लसला डब्याची प्लस वायर, मायनसला मायनस, नुसती टेकव. स्पीकरचा कागद बाहेर येतो का आत जातो, ते बघ."

दीड व्होल्टचा साधा सेल. मी वायर टेकवली, मामेभावानं जाळीला डोळा लावला. "आत गेला," तो म्हणाला.

"तुझा डबा उलटा श्वास घेतोय," काका म्हणाले. "टॉप हवा पुढं ढकलतात तवा हा मागं ओढतो. जिथं दोघांचा आवाज एकत्र येतो तिथं एकमेकाला खाऊन टाकतात. आधीच्या मालकानं स्पीकर भरून घेतला असंल, तवा आतल्या वायरी उलट्या लागल्या. दोन वायरींची अदलाबदल कर."

दोन स्क्रू सोडवले, दोन वायरी बदलल्या, दोन स्क्रू आवळले. पाच मिनिटांचं काम. गाणं लावलं आणि आत फडताळावरच्या ताटल्या वाजायला लागल्या. तुळशीजवळ उभा असलेला मामेभाऊ दोन्ही हात वर करून नाचायलाच लागला.

गोठ्यात म्हशीनं दावं ओढलं. नाना बाहेर आले. कुणी काही सांगितलं नव्हतं. सरळ डब्याकडं चालत गेले आणि त्याच्या पाठीवर डावा तळहात ठेवला. बराच वेळ तसेच उभे होते. मग त्यांची बोटं हलायला लागली. मी आवाज कमी करायला गेलो तर त्यांनी उजव्या हातानं थांबवलं.

गाणं संपल्यावर म्हणाले, "ही धूम हाय की रं."

पखवाजाला दोन तोंडं. उजव्याला शाई, त्यातून टणत्कार निघतो. डाव्याला वाजवायच्या आधी भिजवलेली कणीक थापतात, म्हणजे कातडं जड होतं आणि खालचा घुमारा येतो. त्या डाव्या अंगाला धूम म्हणतात. नानांनी दोन वाक्यांत माझा क्रॉसओव्हर मला पुन्हा समजावला. "शाई अन् धूम एकाच लाकडात असती, पर काम येगळं. तुझी मातर कणीक जास्त झालीय. कणीक जास्त झाली की घुमत न्हाय, नुसतं भदभदतं. गाणाऱ्याच्या खाली बसली पायजे, डोक्यावर न्हाय."

मी बेस थोडा उतरवला. त्यांचा हात डब्यावरच होता. "आनखी," म्हणाले. आणखी उतरवला. "हां. आता बोल कळत्यात."

त्या हंगामात धंदा चालला. पैसे फिटले, पुढच्या दिवाळीला म्हैसही आली. जे शिकायचं ते रस्त्यावर शिकलो. डबा टेम्पोत ठेवला तर पत्राच जास्त वाजतो, जमिनीवर ठेवला तर तोच आवाज भरून येतो, भिंतीला टेकवला तर आणखी. डबा टॉपच्या रेषेतच हवा. शंभरच्या आवाजाची एक लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, त्यामुळं डबा साडेपाच फूट मागं राहिला तरी वायर उलटी लावल्यासारखं होतं. जनरेटरवर हॅलोजन आणि मशीन एकत्र टाकलं तर बेस पडला की हॅलोजन डोळे मिचकावतात. आणि मशीनची ताकद दुप्पट केली तरी आवाज तीनच डेसिबल वाढतो. हे शेवटचं पोरांना पटत नाही. त्यांना दुप्पट पैशाला दुप्पट आवाज हवा असतो. मग एकाला दोन, दोनाला चार असे डबे वाढत जातात. ह्याच हिशोबापायी गावोगाव डब्यांच्या भिंती उभ्या राहिल्या.

चार वर्षांनी नानांचा कान पुण्याला सरकारी दवाखान्यात तपासला. बाईंनी कागदावर आलेख काढून दाखवला. खालच्या आवाजांना रेघ बऱ्यापैकी वर होती, उंच आवाजांकडं गेली तशी घसरत गेलेली. "यंत्राजवळ काम करणाऱ्यांचा असाच येतो," त्या म्हणाल्या. "च, स, श असली अक्षरं वरच्या पट्टीत असतात, ती जातात. घुमारा राहतो." आई शेजारी बसली होती. "चहा"चा "हा" का व्हायचा ते तिला त्या दिवशी कळलं. ती बसमध्ये काही बोलली नाही, पण नानांचा हात धरून बसली.

मी बाईंना सहज विचारलं, रात्री झोपताना कानात रातकिडे ओरडतात, ते कशानं? त्यांनी विचारलं, काम काय करता? सांगितलं. त्यांनी आणखी एक कागद घेतला आणि हिशोब लिहून दिला. ८५ डेसिबलला आठ तास कान सहन करतो. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला पाव तास. मी सांज ते रात्र टॉपच्या शेजारी उभा असायचो, आणि आमचा आकडा शंभराच्या खाली क्वचित असायचा. नानांनी कारखान्यात पोटासाठी कान दिले. मी अठरा हजार मोजून कारखाना घरी आणला होता.

कायदा आधीपासून होताच. २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. आम्ही कायदा म्हणजे पोलिसांची गाडी एवढंच समजायचो. गाडी दिसली की बंद, गेली की चालू. पण तो कागद खिशात आल्यावर मला दुसरंच दिसायला लागलं. वरातीत टॉपपुढं बापाच्या खांद्यावर बसलेलं पोरगं. ओट्यावर पदर कानावर दाबून बसलेली म्हातारी. दाराआड बाळंतीण. बेसला भिंत अडवत नाही. टॉपचा आवाज दार लावलं की निम्मा होतो, डब्याचा घरात येऊन बसतो. त्याला आत घेणारा मीच होतो.

मी लगेच धंदा सोडला असं खोटं सांगणार नाही. घरात खाणारी तोंडं होती. सुपारी घेताना मात्र अटी घालायला लागलो. दहाला बंद. डबा एकच. आजाऱ्याच्या दारापुढं गाणं थांबवूनच पुढं जायचं. निम्म्या सुपाऱ्या गेल्या. मामेभाऊ आणि माझं वाजलं, तो वेगळा झाला. त्याच्याकडं आता आठ डबे आहेत. दिवाळीला येतो, जेवतो, बोलतो. बोलताना मीही आता "काय म्हणालास?" असं दोनदा विचारतो, आणि तोही.

गावात हरिनाम सप्ताहाचं साऊंड माझ्याकडं असतं. एका वर्षी पखवाज वाजवणारा पोरगा दुसऱ्या दिवशी आजारी पडला. मी काकांचं शिक्षण वापरलं. कीर्तनकारांचा आवाज फक्त टॉपला सोडला. पखवाजाचा माइक मिक्सरच्या वेगळ्या वाटेनं एकट्या डब्याला दिला, म्हणजे बोलताना डबा गुरगुरत नाही. डबा वाजवणाऱ्याच्या पाठीमागं दोन हातांवर ठेवला. आवाज अगदी कमी, कारण माइक जवळ असला की हूं करून घुमतो. मग घरी जाऊन खुंटीवरचा पखवाज उतरवला.

"मला ऐकू येत न्हाय, सम चुकंल," नाना म्हणाले.

"पाठीनं ऐका," मी कानाशी ओरडलो.

स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी लहानपणीच बहिऱ्या झाल्या, आणि तरी जगभर तालवाद्यं वाजवतात. अनवाणी उभ्या राहतात आणि पायांनी नाद घेतात. हे मी नंतर वाचलं. त्या दिवशी माझ्याकडं फक्त तो हात होता, डब्यावर ठेवलेला.

आईनं कणीक भिजवली. नानांनी धुमेला थापली, बोटानं कडेची काढून टाकली, एक थाप मारली. थाप डब्यातून निघून त्यांच्या पाठीला लागली. त्यांनी मागं वळून बघितलं, कुणी हाक मारल्यासारखं. मग पुढं वळून बसले. समोरच्या टाळकऱ्याच्या हातावर नजर ठेवली आणि ठेका धरला. पहिल्या अभंगाला दोनदा चुकले. दुसऱ्याला एकदा. तिसऱ्याला मी मोजायचं सोडून दिलं.

रात्री दहाला मशीन बंद केलं. नाना धुमेवरची वाळायला आलेली कणीक खरवडत होते. मी वायरी गुंडाळत होतो. ते म्हणाले, "उद्या जरा कमी ठेव. आज कणीक जास्त झालती."

"डब्याची का पखवाजाची, नाना?"

त्यांना ऐकू गेलं नाही. खरवडलेला गोळा माझ्या हातात देत म्हणाले, "म्हशीला घाल."